कानातला मॉनिटर

आंधळी कोशिंबीर हा खेळ आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी खेळला असेल. डोळ्यांवर पट्टी बांधलेला गडी मध्ये उभा असतो व बाकीचे त्याच्या भोवती फिरत असतात. कोणाच्या पावलाची चाहूल, कोणाच्या बांगड्यांची किणकिण, कोणाचे दाबून धरलेले हसू, एवढ्यावरून तो अंदाज बांधतो आणि झेप घालतो. हा खेळ डोळ्यांचा नव्हे, कानांचा आहे. आज मी ज्या खेळाविषयी व ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती दोन्ही वरवर पाहता अगदी नवी आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी हीच आंधळी कोशिंबीर आहे, हे ध्यानात ठेविले म्हणजे पुढचे सारे सोपे जाईल.

मी खोपोलीचा राहणारा. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करला, मुलांना अंकगणित व सामान्य विज्ञान शिकविण्यात आयुष्य घालविले आणि आता निवृत्त होऊन घरी बसलो आहे. ध्वनिशास्त्राची कोणतीही पदवी मजजवळ नाही. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, याचे कारण माझा नातू. तो अकरावीत शिकतो. तो व त्याचे तीन सोबती मिळून मोबाईलवर बॅटलग्राउंड्स नावाचा खेळ खेळतात आणि अधूनमधून त्याच्या सामन्यांतही उतरतात. गेल्या पावसाळ्यात तो मजजवळ येऊन म्हणाला, “आजोबा, मला नऊ हजारांचा हेडफोन घेऊन द्या. डावीकडून येणारा माणूस मला ऐकूच येत नाही. माझ्यामुळे चौघांचा डाव जातो.”

त्याच्या वडिलांच्या पगारात नऊ हजार ही काही किरकोळ रक्कम नव्हे. सूनबाईंचे म्हणणे, असल्या खेळासाठी एक पैसाही देऊ नये. नातवाचे म्हणणे, हेडफोन मिळाला नाही तर सोबती दुसरा गडी घेतील. दोघांच्या मध्ये न्याय करावयाचा तर आधी वस्तू काय आहे हे समजून घेतले पाहिजे, असा विचार करून मी या वयात पुन्हा विद्यार्थी झालो.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. यात शंभरापर्यंत खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत जी तुकडी टिकेल ती जिंकते. शत्रू भिंतीआड असतो, माडीवर असतो, गवतात दडलेला असतो. तो दिसण्यापूर्वी ऐकू येतो. आणि ज्याने पाऊल आधी ओळखले त्याची सरशी होते. यास कोणी व्यसन म्हणेल. अतिरेक झाला तर ते व्यसनच, यात संशय नाही. तथापि २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत अशा खेळांसाठी पदके ठेविली होती. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा संमत केला, त्यात पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली असून ई-स्पोर्ट्स म्हणजे कौशल्याच्या सामन्यांस त्यांपासून निराळे काढून मान्यता दिली आहे. जुगार वेगळा व खेळ वेगळा, हा भेद आईबापांनी ध्यानात ठेवावा.

आता कानांकडे वळू. डोळे मिटून बसले असता आवाज उजवीकडून आला की डावीकडून, हे आपणांस कसे कळते? उजवीकडचा आवाज उजव्या कानास आधी पोहोचतो आणि डोक्यास वळसा घालून डाव्या कानास मागाहून पोहोचतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर. तेव्हा हा उशीर फार तर एका सेकंदाच्या पंधराशेव्या भागाइतका असतो. एवढ्या सूक्ष्म अंतरावरून मेंदू दिशा ठरवितो. शिवाय उंच स्वराच्या आवाजास डोके आड येते, म्हणून तो दूरच्या कानास क्षीण ऐकू येतो. खालच्या स्वरात वेळेचा फरक व वरच्या स्वरात जोराचा फरक, अशी ही दुहेरी योजना लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली विशद केली. राहिली गोष्ट पुढच्या व मागच्या आवाजाची. दोन्ही कानांपासून सारख्याच अंतरावर असलेला आवाज समोरून आला की पाठीमागून, हे ओळखण्यास कानाच्या पाळीच्या वळ्या उपयोगी पडतात. आवाजाच्या दिशेप्रमाणे त्या त्याचा पोत किंचित बदलतात आणि तो बदल मेंदूने लहानपणापासून पाठ केलेला असतो.

आता ज्या वस्तूची निवड करावयाची तिच्याकडे येतो. तिचे नाव इन-इअर मॉनिटर. साध्या इअरफोनप्रमाणे ती कानाच्या तोंडाशी अडकून राहत नाही. रबरी टोपीच्या योगाने कानाच्या नळीत बुचासारखी बसते व तिची वायर कानावरून मागे जाते. हिचा जन्म गाण्याच्या रंगमंचावर झाला. वाद्यांच्या प्रचंड कोलाहलात कलावंतास स्वतःचे वाजविणे ऐकू यावे, म्हणून अशी साधने निघाली. १९९५ साली जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या अमेरिकन मंडळीच्या ढोलवादकासाठी असा जोड बनविला आणि त्यातून पुढे त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. रंगमंचावरून ही वस्तू खेळाच्या आखाड्यात आली. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईस वरळीच्या एन.एस.सी.आय. डोममध्ये डोटा या खेळाचा मोठा आंतरराष्ट्रीय सामना झाला. असल्या सामन्यांत हजारो प्रेक्षकांच्या गलक्यात खेळावे लागते. म्हणून पुष्कळ खेळाडू आत कानात हा लहान जोड व वरून मोठा हेडफोन, असे दोन्ही घालतात. लहानातून खेळ ऐकू येतो व मोठा बाहेरचा गोंगाट अडवितो.

मॉनिटर हा शब्द आम्हां मास्तरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. वर्गाचा मॉनिटर कोणास नेमावे? जो धिप्पाड आहे त्यास नव्हे, किंवा ज्याच्या अंगावर भारी कपडे आहेत त्यासही नव्हे. मास्तर बाहेर गेले असता वर्गात जे घडले ते जो पदरचे काही न घालता व काही न लपविता सांगतो, तो चांगला मॉनिटर. कानातल्या मॉनिटरची कसोटीही हीच आहे. आवाजाची दिशा खेळाच्या रचनेतच भरलेली असते. डाव्या व उजव्या कानास काय ऐकवावयाचे, याचा हिशेब खेळ करितो. व्हॅलोरंट व काउंटर-स्ट्राइक यांसारख्या संगणकावरील खेळांत तर कानाच्या पाळीचे कार्यही गणिताने करण्याची सोय ठेविलेली आहे. कानातल्या यंत्राने एवढेच करावयाचे की तो हिशेब इमानाने दोन्ही कानांपर्यंत पोहोचवावयाचा.

हे एकदा समजले की भारी डब्यांवरील ‘सात दिशांचा आवाज’ अशा जाहिरातींस भुलण्याचे कारण उरत नाही. कान दोनच आहेत आणि कानात बसणारे तुकडेही दोनच. सात दिशांचा आभास हाही गणिताचाच खेळ असतो. खेळाने एकदा हिशेब केलेला असताना दुसऱ्या यंत्राने त्यावर पुन्हा हिशेब केला, तर दिशा स्पष्ट होण्याऐवजी गढूळ होते. दोहोंपैकी एकच चालू ठेवावा आणि शक्य तो खेळातलाच ठेवावा.

इथवर शिकून झाल्यावर मी नातवास म्हटले, “बाळ, नवा जोड घेण्यापूर्वी जुन्याची परीक्षा करू.” मोबाईलच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या विभागात ‘मोनो ऑडिओ’ अशी एक कळ असते. ती चालू केली की दोन्ही कानांस अगदी एकच आवाज जातो. तेथेच डाव्या-उजव्याचा तोल साधणारी पट्टी असते. तिचा ठिपका मधोमध आहे ना, हे पाहून घ्यावे. मग कोणाचेही साधे भाषण लावावे. दोन्ही बाजू सारख्या असतील तर बोलणारा डोक्याच्या मधोमध बसून बोलतो आहे असे वाटते. नातू म्हणाला, “आवाज उजवीकडे कलतो.” तो जुना इअरफोन गोल बटणासारखा होता, मी त्याची बाजू बदलली आणि डाव्याचा तुकडा उजव्या कानात घातला. दोष यंत्रात असता तर आवाज आता डावीकडे कलावयास हवा होता. नातू म्हणाला, “आजोबा, अजून उजवीकडेच.” तोच जोड मी माझ्या कानांत घातला; मला आवाज मधोमध आला.

नातू हसला, मला मात्र हसू आले नाही. श्रोतेहो, त्याचे कारण सांगण्यास थोडे मागे जावे लागेल. आमच्या खोपोलीचे विद्युतगृह १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली आणून केलेली वीज मुंबईच्या गिरण्या चालविण्यास जात असे. त्या विजेच्या पाठोपाठ आमच्या गावची पुष्कळ माणसेही गिरण्यांत गेली. माझे वडील त्यांपैकी एक. त्यांनी सारी उमर साच्यांच्या खडखडाटात काढली. गावी परतले तेव्हा ते फार मोठ्याने बोलत आणि समोरच्याच्या ओठांकडे टक लावून पाहत. अंगणात नातवंडे हाका मारीत, तरी ते मान वळवीत नसत; मुलांस वाटे, आजोबा रागावले आहेत. आई त्यांच्या मृत्यूनंतर एकदा म्हणाली, “घरात माणूस होते, पण बोलणे नव्हते.” बहिरेपणाने माणूस घरात असून घराबाहेर कसा पडतो, हे मी जवळून पाहिले आहे. तेव्हा नातवाच्या त्या एका वाक्याने माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्याच दिवशी त्यास कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून सांगितले, डाव्या कानात मळाचा घट्ट बोळा बसला आहे. रोज तासन्‌तास कानात काहीतरी घालून बसले म्हणजे मळास बाहेर येण्यास वाट राहत नाही. उलट तो आत दाबला जातो. डॉक्टरांनी तो काढला आणि खात्रीसाठी पनवेलला श्रवणाची चाचणी करविली. दोन्ही कान निरोगी निघाले. घरी येऊन तीच परीक्षा पुन्हा केली, तेव्हा आवाज मधोमध आला. डावीकडचा शत्रू ऐकू येत नव्हता तो यंत्राच्या दोषाने नव्हे! आणि डावा कान कमी ऐकतो म्हणून मुलगा दोन्हींचा आवाज वाढवीत होता, ही त्याहून मोठी हानी चालली होती. म्हणून माझे पहिले सांगणे हे की, पैसे खर्च करण्यापूर्वी ही पाच मिनिटांची परीक्षा घरोघरी करावी. झाल्यावर मोनोची कळ बंद करण्यास विसरू नये, नाहीतर खेळात दिशाच उरणार नाही. मळ काढण्यास घरी काडी किंवा पिन घालू नये. आणि एखाद्या कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून न थांबता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्या दुखण्यात गेलेला वेळ परत येत नाही.

जुन्या इअरफोनमधून पत्र्यावरचा पाऊस आत येत असे, म्हणून एक बरा जोड घेणे योग्यच होते. आम्ही दोघे लोकलने मुंबईस गेलो आणि लॅमिंग्टन रोडच्या बाजारात हिंडलो. निवड करताना ज्या गोष्टी पाहिल्या त्या क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, बसणे. कान सर्वांचे सारखे नसतात, एकाच माणसाचेही दोन कान अगदी सारखे नसतात. डब्यात बहुधा तीन मापांच्या टोप्या येतात. त्या सर्व लावून पाहाव्यात. नीट बसली आहे हे ओळखण्याची खूण अशी: तोंड मिटून ‘हं’ असा सूर काढावा, स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटला म्हणजे बूच घट्ट बसले. फट राहिली तर खालचे स्वर निसटतात, बाहेरचा गोंगाट आत येतो आणि माणूस आवाज वाढवितो. भारी यंत्र सैल बसले तर ते फुकट. साधे यंत्र नीट बसले तर ते भारी.

दुसरी गोष्ट, स्वरांचा तोल. पुष्कळ स्वस्त इअरफोनांत गाणे दमदार वाटावे म्हणून खर्ज फुगविलेला असतो. मिरवणुकीत ढोलपथक शेजारून जात असता जवळच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, हा आपला अनुभव आहे. जोरदार खालचा स्वर त्याच्या वरच्या बारीक स्वरांस झाकून टाकतो. बंदुकीच्या व स्फोटाच्या धडाक्यात पाऊल बुडू नये असे वाटत असेल, तर फुगविलेला खर्ज टाळावा. उलट, वरचे स्वर फार तीक्ष्ण असले तर पावले खणखणीत ऐकू येतात खरी, पण तासाभरात कान शिणतात. आपल्या ओळखीच्या माणसाचे बोलणे त्यातून ऐकावे. ते त्याच्याच आवाजासारखे वाटले, तर मॉनिटर विश्वासू आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट, वायर. बिनतारी जोड सोयीचे खरे, परंतु त्यांत आवाज कानापर्यंत येण्यास थोडा विलंब लागतो. साध्या बिनतारी जोडांत तो सेकंदाच्या दहाव्या भागापासून पाचव्या भागापर्यंत असू शकतो. गाणे ऐकताना हे जाणवत नाही. सामन्यात मात्र तेवढ्यात डाव आटोपतो. वायरच्या जोडास हा दोष नाही. नव्या मोबाईलला इअरफोनचे गोल भोक नसेल, तर टाईप-सीचे जोडतुकडे काहीशे रुपयांत मिळतात. वायर काढता-घालता येणारी असावी, म्हणजे ती तुटली तर सारा जोड टाकावा लागत नाही. सोबत्यांशी बोलावयाचे असल्याने वायरीवर माईक असलेला प्रकार मागून घ्यावा.

चौथी गोष्ट, किंमत. वर सांगितलेले सारे गुण दीड ते अडीच हजार रुपयांच्या आसपास मिळू शकतात. उदाहरणादाखल मूनड्रॉप कंपनीचा छू-दोन, सेव्हन हर्ट्झचा झीरो-दोन, ट्रुथइअरचा गेट व टँगझूचा वान-अर हे चिनी बनावटीचे जोड या पंक्तीत बसतात. शेवटचे नाव ऐकून आमच्या घरात ‘वानर’ म्हणून हशा पिकला, तो भाग निराळा. यांत अमुकच घ्या असे मी म्हणणार नाही. ज्याच्या कानात जो बसेल तो त्याचा. याहून पाचपट किंमत दिली तर गाण्याची गोडी कदाचित वाढेल, पण पाऊल डावीकडे आहे की उजवीकडे, हे काही पाचपट कळणार नाही.

आम्ही त्यांतलाच एक जोड अठराशे रुपयांस घेतला. परतताना कर्जत सुटल्यावर पळसदरीपासून लौजीपर्यंत नातवाने एकेक टोपी बदलून पाहिली. आवाज काहीच लावला नव्हता. नुसते बूच घालून गाडीचा खडखडाट कोणत्या टोपीने सर्वांत कमी होतो, एवढेच पाहावयाचे होते. उजव्या कानास मधली व डाव्यास लहान टोपी बसली. मग घरी मोनोची परीक्षा केली आणि आवाज मधोमध आला. एक सूचना मात्र करून ठेवितो: जे बूच गाडीचा आवाज अडविते ते रुळांवरून येणाऱ्या गाडीचाही अडविते. रस्त्याने चालताना, फाटक ओलांडताना ते कानात असता कामा नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ धरावी. आवाज दर ३ डेसिबलनी वाढला की मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. एवढा आवाज खेळाडूस मोठा वाटतही नाही, आणि तेथेच धोका आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यात नऊ देशांतील पन्नास हजारांहून अधिक लोकांविषयीची माहिती एकत्र तपासली. व्हिडिओ खेळ खेळणाऱ्यांच्या कानांवर पडणारा आवाज पुष्कळदा या मर्यादेपर्यंत किंवा तिच्या पलीकडे जातो, असे त्यात आढळले. कानातील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. डोळ्यांस चष्मा लावता येतो तसे कानांचे पूर्ण साधत नाही.

म्हणून आमच्या घरात नियम केला आहे. रात्रीच्या शांततेत, पावले नुकती स्पष्ट ऐकू येतील इतपत आवाज ठरविला आणि मोबाईलच्या पट्टीवर ती जागा लक्षात ठेविली. ती निम्म्याच्या आतच आली. पाऊस कोसळो की गाडी खडखडो, त्या जागेपुढे जावयाचे नाही. दर तासास दहा मिनिटे कान मोकळे ठेवावयाचे, टोप्या पुसून ठेवावयाच्या, आपला जोड दुसऱ्याच्या कानात द्यावयाचा नाही. खेळ आटोपल्यावर कानांत शिट्टी वाजल्यासारखे झाले, तर त्या दिवशी मर्यादा ओलांडली असे समजून दुसऱ्या दिवशी खेळ बंद. ही शेवटची अट सूनबाईंची. नातवाने ती कुरकुरत का होईना, पण मान्य केली.

दशरथ राजाची कथा आपणांस ठाऊकच आहे. त्याने घडा बुडबुडण्याचा आवाज ऐकला व शब्दवेधी बाण सोडला. दिशा अचूक होती. चूक झाली ती आवाज कशाचा हे ओळखण्यात. आमच्या घरीही काहीसे तसेच होणार होते. मुलाने तक्रार ‘डावीकडून’ अशी बरोबर सांगितली होती. ती यंत्राची आहे की कानाची, एवढे मात्र आम्ही न पाहताच नऊ हजारांचा बाण सोडणार होतो.

नातवाच्या चौकडीचा डाव अजूनही पुष्कळदा जातो. परंतु आता तो कधी घाईने जातो, कधी सोबत्याच्या चुकीने जातो; डाव्या कानाने जात नाही. आणि मी मागच्या दारातून हलकेच हाक मारली, तर खेळ नसेल तेव्हा तो पहिल्या हाकेस ‘ओ’ देतो. अठराशे रुपयांत व डॉक्टरांच्या फीत मला एवढे मिळाले, ते पुष्कळ झाले असे मी मानतो.